कोठडी की दवाखाना? ठाणेदाराला बरोबर घ्यावे लागेल



पेरणीला उसनवारी, डवरणीला उसनवारी, आणि वेचणी होऊन जिनिंगवर गाडी रिकामी झाली की चार दिवस घरात पैसा. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष असे जाते. त्याच चार दिवसांत बाजाराच्या गावी बाटली समोर येते. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. चौकात भांडण होते, घरात मारहाण होते, कोणीतरी ठाण्यात फोन करते, बीट जमादार येतो आणि माणसाला उचलून नेतो. दारूबंदी कायद्याचे कलम ६६ किंवा ८५ लागते. वारंवार झाले तर चॅप्टर केस होते. चार दिवसांनी तोच माणूस त्याच चौकात उभा असतो.

या फेऱ्याचा हिशेब एकदा मांडू. दंड कोणी भरला? घराने. जामिनासाठी एसटीने तालुक्याला कोण गेले? बायको किंवा म्हातारा बाप. वकिलाचे पैसे तुरीच्या विक्रीतून गेले की बियाण्याच्या पैशातून? वेचणीच्या हंगामात किती दिवसांची मजुरी बुडाली? जो माणूस पितो त्याच्या खिशातून यातला एक रुपयाही जात नाही, कारण त्याचा खिसा आधीच रिकामा झालेला असतो. शिक्षा कोर्ट त्याला देते, पण भोगते ते घर. आणि एवढे करून तो प्यायचा थांबत नाही.

बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीवर वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, हे आपण महागात पडून शिकलो आहोत. अळी आत सुरक्षित राहते आणि फवारणीचा खर्च तेवढा शेतकऱ्याच्या नावे पडतो. व्यसनावर दंडाची फवारणी ही अशीच आहे.

विकणारा वेगळा, पिणारा वेगळा

एक गोष्ट आधी स्पष्ट करू, म्हणजे गैरसमज राहणार नाही. हातभट्टी लावणारा, बंदीच्या जिल्ह्यात पेट्या उतरवणारा, पोरांच्या हाती गर्दची पुडी देणारा हा गुन्हेगार आहे. त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. या अग्रलेखात त्याच्यासाठी एक शब्दही मागितलेला नाही. प्रश्न पिणाऱ्याचा आहे, आणि तोही रोज पिऊन ज्याचे शरीर दारूवर अवलंबून झाले आहे त्याचा.

दारूबंदी हवी की नको यावर आपल्या सभांत दोन मते आहेत आणि ती राहतील. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून होती आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. बंदी लागली तेव्हा ज्याला व्यसन होते त्याचे व्यसन त्या दिवशी सुटले नाही. बंदी उठली तेव्हाही त्याला कोणी दवाखान्यात नेले नाही. दोन्ही बाजूंच्या भांडणात हा माणूस आणि त्याचे घर मधल्या मध्ये राहिले.

कोठडीत काय होते?

दारूवर शरीर अवलंबून असलेल्या माणसाची दारू एकाएकी तुटली, तर शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, ओकारी येते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो. भिंतीवर साप-विंचू दिसतात, माणूस ओरडतो, अंगावर धावून जातो. गावात म्हणतात, अंगात आले. ठाण्यात म्हणतात, नाटक करतो. वैद्यकाच्या भाषेत हा दारू तुटल्याचा आजार आहे आणि उपचार मिळाला नाही तर त्यात माणूस दगावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली शांत करणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेवर दिले, तर बहुतेक जण आठ-दहा दिवसांत यातून बाहेर पडतात. ही औषधे दुर्मिळ नाहीत.

आता जामीन भरायला कोणी आले नाही म्हणून कोठडीत आणि पुढे तुरुंगात पडून राहिलेल्या माणसाचा विचार करा. सर्वांत धोक्याचे तीन दिवस तो कोठे काढतो? जेथे डॉक्टर नाही तेथे.

दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या सुमारे ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, असे त्यात म्हटले आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला काही ना काही उपचार मिळतो. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० जणांत एकाला. बाकीच्यांच्या दारात डॉक्टर जात नाही. पोलीस मात्र जातो. म्हणून दवाखान्याचा रस्ता ठाण्यावरूनच काढावा लागेल.

कायद्याने दरवाजा ठेवला आहे

पोलीस म्हणतील, आमचे हात कायद्याने बांधलेले आहेत. ते पूर्ण खरे नाही. सभेला जाताना पुढची कलमे लिहून न्या.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. या कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्ट शब्दांत घेतल्या आहेत. त्याच कायद्याचे कलम १०० ठाणेदारावर कर्तव्य टाकते. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला धोका ठरणारा माणूस हद्दीत आढळला, तर त्याला संरक्षणात घ्यायचे आणि लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक प्यायलेला माणूस या कलमात बसत नाही. पण दारू तुटून भ्रमात गेलेला, फिट आलेला, जीव द्यायला निघालेला माणूस बसतो.

अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५. कलम ६४अ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही, त्याची संमती असेल तर, कोर्ट उपचारासाठी बाँडवर सोडू शकते.

परिवीक्षा कायदा, १९५८. कलम ४ प्रमाणे कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडते तेव्हा नशेपासून दूर राहण्याची अटही घालू शकते.

तेव्हा रस्ता अगदीच बंद नाही. तरी त्यावरून कोणी चालत का नाही?

ठाणेदाराच्या खुर्चीत बसून पाहा

पोलिसाला शिव्या देणे सोपे आहे, आणि पुष्कळदा त्याने त्या कमावलेल्याही असतात. पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याची अडचण समजली नाही तर काम होत नाही. रात्री दहा वाजता जमादाराने एक माणूस उचलला. ग्रामीण रुग्णालयात नेला तर तेथे ऐकावे लागते की हा पेशंट नाही, दारुडा आहे, घेऊन जा. जिल्ह्याचे रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटरवर, गाडी एक, शिपाई दोन. केस दाखल केली तर ती वहीत दिसते आणि वरिष्ठांच्या आढाव्यात मोजली जाते. दवाखान्यात नेलेला माणूस कोठेच मोजला जात नाही. वर, सोडून दिला आणि त्याने रात्री घरी जाऊन काही केले तर जबाब द्यायचा जमादारानेच.

म्हणजे आजच्या व्यवस्थेत कोठडी ही पोलिसाला सोपी वाट आहे. तिच्यातही त्याला धोका आहेच. कोठडीत माणूस दगावला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावे लागते. दारू तुटलेल्या माणसाला कोठडीत ठेवणे म्हणजे हा धोका अंगावर घेणे. ठाणेदाराशी बोलताना दयेची भाषा कमी आणि ही भाषा जास्त वापरा. त्याला ती लवकर कळेल.

दुसरीकडे पोलीस कसे आले?

पोलिसांनी व्यसनी माणसाला कोर्टाऐवजी उपचाराकडे वळवावे यासाठी नीट घडवलेला आणि नीट तपासलेला एक दाखला अमेरिकेतल्या सिएटल शहराचा आहे. तेथला प्रश्न गर्द-कोकेनचा होता, आपला मुख्यतः दारूचा. पण पोलिसाला बरोबर कसे घेतले, ते शिकण्यासारखे आहे.

गरिबांचे खटले मोफत लढवणाऱ्या तेथल्या वकिलांच्या संस्थेने, अमली पदार्थांच्या अटकांत काळ्या लोकांवर पक्षपात होतो हा मुद्दा कोर्टात नेला. कित्येक वर्षे पोलीस आणि हे वकील एकमेकांविरुद्ध उभे होते. खटल्यातून प्रश्न सुटेना. तीच माणसे पुन्हा पुन्हा पकडून पोलीसही कंटाळले होते. शेवटी वकील लिसा डगार्ड आणि त्यांचे सहकारी, पोलीस अधिकारी व सरकारी वकील एका टेबलाशी बसले. ऑक्टोबर २०११ मध्ये बेलटाउन या भागात ‘लीड’ नावाची योजना सुरू झाली.

पद्धत साधी होती. तीन ग्रॅमपर्यंतच्या किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या माणसाला कोठडीत नोंदवण्याआधीच पोलिसाने सामाजिक कार्यकर्त्याच्या हाती द्यायचे. कार्यकर्ता फोनवर उपलब्ध असे. त्या माणसाने ३० दिवसांत आपली पूर्ण माहिती देऊन नोंदणी पूर्ण केली की खटला भरला जात नसे. उपचाराबरोबर राहायला जागा, ओळखपत्र, कामधंदा याचीही मदत होती. गंभीर हिंसेची पूर्वपीठिका असलेल्यांना योजनेत घेत नसत. पोलीस, सरकारी वकील आणि कार्यकर्ते ठरावीक काळाने एकत्र बसून एकेका माणसाचे काय झाले ते पाहत. आपण सोपवलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे पोलिसाला तेथे कळू लागले. पुढे तर अटक करण्याचे कारण नसतानाही पोलीस स्वतःहून माणसे सुचवू लागले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तपासणी प्रसिद्ध केली. योजनेत आलेल्यांना पुन्हा अटक होण्याची शक्यता तुलनेच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघाली.

त्याच देशात ग्लॉस्टर या मासेमारीच्या छोट्या शहरात जून २०१५ मध्ये पोलीसप्रमुख लिओनार्ड कॅम्पानेलो यांनी जाहीर केले की ठाण्यात येऊन मदत मागणाऱ्या व्यसनी माणसाला अटक होणार नाही, पोलीसच त्याला उपचाराला पोचवतील. पहिल्या वर्षात ३७६ माणसे ४२९ वेळा ठाण्याच्या पायऱ्या चढली.

उलटा दाखलाही पाहू. ओरेगॉन राज्याने २०२० च्या सार्वमताने थोडा अमली पदार्थ जवळ बाळगण्याची शिक्षा शंभर डॉलरच्या दंडावर आणली. फोन करून तपासणी करून घेतली की तोही माफ. फेब्रुवारी २०२१ पासून हे लागू झाले. पोलिसाने चिठ्ठी फाडायची आणि निघून जायचे. माणसाला दवाखान्यापर्यंत नेणारे कोणी नव्हते, उपचाराचा पैसा उशिरा पोचला आणि फोन फार थोड्यांनी केला. लोक वैतागले. २०२४ मध्ये विधिमंडळाने तो गुन्हा पुन्हा लागू केला आणि पोलिसांमार्फत उपचाराकडे वळवण्याच्या योजना जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या करायला सुरुवात केली. यातून घ्यायचा धडा असा की नुसती शिक्षा काढून भागत नाही. कोठडीचा दरवाजा बंद करताना दवाखान्याचा दरवाजा उघडा असावा लागतो आणि दोहोंच्या मधले अंतर कोणीतरी माणसाचा हात धरून चालावे लागते.

आपल्याकडेही वाट आहे

हे परदेशातच होते असे समजू नका. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावचे तंटे ठाण्याबाहेर मिटवायला पोलीस स्वतः गावात आले. का आले? वरून आदेश होता, मिटवलेला तंटा मोजला जात होता, आणि गावात समिती होती. आदेश, मोजणी आणि गावातले माणूस या तीन गोष्टी असल्या की पोलीस येतो.

गडचिरोलीत २०१६ पासून शासन, डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘मुक्तिपथ’ चालवले. त्यात जनजागृती, गावसंघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार ही चारही कामे जोडीने घेतली. अवैध विक्री रोखायची आणि त्याच वेळी पिणाऱ्याला तालुक्यात उपचार मिळवून द्यायचा, हे विदर्भातच करून पाहिलेले आहे. पुण्यात डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आजही व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवूनच काम करते.

जिल्हा सभेत काय मागायचे?

पहिले. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांची एकत्र बैठक आणि तिघांच्या सहीचे एक पानाचे परिपत्रक. कोणता माणूस दवाखान्यात न्यायचा, कोणत्या, आणि रात्री तेथे कोण घेईल, एवढेच त्यात असावे. तोंडी आश्वासन नको. अधिकारी बदलून जातो, कागद राहतो.

दुसरे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दारू तुटल्याच्या आजारासाठी दोन खाटा, औषधे आणि एक प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाने महिन्यातून ठरावीक दिवशी तालुक्याला यावे, तो दिवस बाजाराचा असावा.

तिसरे. दवाखान्यात नेलेला माणूसही जमादाराच्या कामात मोजला जावा. मासिक आढाव्यात त्याचा रकाना हवा.

चौथे. दारूच्या कायद्यातही ६४अ सारखी स्पष्ट तरतूद व्हावी, म्हणजे पूर्ण उपचार घेणाऱ्या पिणाऱ्यावर खटला चालणार नाही.

पाचवे आपले काम आहे. प्रत्येक गावातून दोन माणसे द्या, त्यांतली एक बाई असावी. ठाण्यातून फोन आला की रुग्णालयात बरोबर जायचे आणि घरी परतल्यावर निदान सहा महिने दर आठवड्याला चौकशी करायची. आठ-दहा दिवसांच्या दवाखान्याने दारू अंगातून जाते, सवय जात नाही. फरदड ठेवली तर अळी पुढच्या हंगामात पुन्हा येते. पाठपुरावा सोडला तर व्यसनही येते. माणूस पुन्हा घसरला तर पुन्हा न्यायचे. मदतीसाठी सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा आहे. हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

तीन शंका

मायबहिणी विचारतील, म्हणजे मारहाण करणाऱ्याला दवाखान्याची सुट्टी? नाही. बायकोला, आईला, लेकराला मारले तर तो गुन्हा वेगळा आणि त्याची तक्रार वेगळी. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आणि फौजदारी कलमे जशीच्या तशी लागतील. उपचार घेतो म्हणून बाईवर तक्रार मागे घेण्याचा दबाव कोणी आणला, तर संघटनेने तिच्या बाजूने उभे राहायचे. दवाखाना प्यायल्याबद्दल आहे, मारल्याबद्दल नाही.

दुसरी शंका, पोलिसाच्या हाती आणखी एक मर्जी दिली तर आणखी एक हप्ता सुरू होईल. ही भीती खोटी नाही. म्हणून प्रत्येक नोंद दोन प्रतींत हवी, एक ठाण्यात आणि एक रुग्णालयात. किती माणसे नेली, किती दाखल झाली, याचा आकडा दर महिन्याला जाहीर व्हावा. आकडा जाहीर, नावे मात्र नाहीत. आजारी माणसाचे नाव चावडीवर वाचायचे नसते.

तिसरी शंका खासगी केंद्रांची. व्यसनमुक्तीची पाटी लावून माणसाला साखळीने बांधणारी, मारणारी ठिकाणेही निघतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने साखळीने बांधायला मनाई केली आहे. म्हणून पहिला दरवाजा सरकारी रुग्णालयाचाच. दुसरीकडे न्यायचे तर नोंदणी पाहून आणि घरच्या माणसाला आत जाऊ देतात का ते पाहूनच.

सभेला येण्याआधी

आपल्या ठाण्याच्या हद्दीत गेल्या वर्षी दारू प्यायल्याबद्दल किती गुन्हे नोंदले आणि त्यांतली किती माणसे डॉक्टरकडे पोचली, हे दोन आकडे माहितीच्या अधिकारात मागवा. अर्ज दहा रुपयांचा आहे. ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की सभेत भाषणाची गरज उरणार नाही. मग गावच्या पोलीस पाटलाला आणि दोन बायांना बरोबर घेऊन ठाणेदाराला भेटा. आरोप करायला जाऊ नका. सांगा की रात्री दहा वाजता तुम्ही माणूस उचलाल तेव्हा रुग्णालयाच्या दारात आमची माणसे उभी असतील.

तूर कापणी उरकली की जिल्हा सभा आहे. वरच्या पाच मागण्यांचा ठराव प्रत्येक गावाने आपल्या सह्यांनिशी आणावा.